भूकंपानंतरचे रुग्णालय

रुग्णालय ही मोठी विलक्षण वास्तू आहे. एरवी तिची पायरी चढावी लागू नये अशीच आपण प्रार्थना करतो. परंतु अरिष्ट कोसळले की सारे गाव तिच्याच दाराशी धाव घेते. भूकंपाच्या वेळी तर असे घडते की, ज्या क्षणी शेकडो जखमी तिच्या दिशेने निघालेले असतात, त्याच क्षणी तीही त्यांच्याइतकीच घायाळ झालेली असते. घर पडले तर एक कुटुंब उघड्यावर येते. रुग्णालय निकामी झाले तर ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेला माणूसही वाचेलच याची शाश्वती उरत नाही.

'भूकंपात न पडणारी इमारत' आणि 'भूकंपानंतर वापरता येणारी इमारत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद अभियंत्यांच्या आणि कायदे करणाऱ्यांच्या ध्यानात येण्यास फार मोठी किंमत मोजावी लागली. त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो. महाराष्ट्राने ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप सोसलेला आहे. किल्लारीच्या त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, आणि जखमींना सोलापूर-लातूरच्या रुग्णालयांकडे न्यावे लागले. ती रुग्णालये उभी होती, चालू होती, म्हणून अनेकांचे प्राण वाचले. ती तशी नसती तर काय झाले असते, याचे उत्तर जगात अन्यत्र मिळालेले आहे.

नव्या कोऱ्या इमारतीची दैना

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस सॅन फर्नांडो नावाचे खोरे आहे. तेथे सिल्मार या भागात 'ऑलिव्ह व्ह्यू' हे सार्वजनिक रुग्णालय आहे. त्याची नवी काँक्रीटची इमारत पुरी होऊन रुग्ण तेथे येऊन काही आठवडेच झाले होते. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ६.६ क्षमतेचा भूकंप झाला. इमारत सबंध कोसळली नाही. पण तिचे चारपैकी तीन जिने मुख्य वास्तूपासून सुटून बाहेर कलंडले. वरच्या मजल्यांना भक्कम काँक्रीटच्या भिंती होत्या, परंतु त्या भिंती खालच्या दोन मजल्यांपर्यंत आणलेल्या नव्हत्या. तेथे केवळ खांब होते. वरचा जड भाग खालच्या लवचिक खांबांवर हेलकावला, खांब चिरडले आणि इमारत एका बाजूस कलून थांबली. वीज गेल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील दोन रुग्ण दगावले, तर कोसळत्या भागाखाली एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. आवारातील दुमजली मनोरुग्ण विभागाचा तळमजला पार चेपला गेला. सुदैवाने रुग्ण वरच्या मजल्यावर झोपलेले होते.

त्याच खोऱ्यात माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या, १९२० च्या दशकात बांधलेल्या इमारती कोसळून चाळीसहून अधिक लोक ठार झाले. होली क्रॉस धर्मभगिनींनी स्थापन केलेले रुग्णालयही इतके नादुरुस्त झाले की ते रिकामे करावे लागले. एकूण चार रुग्णालये एकाच सकाळी निरुपयोगी झाली. डॉक्टर होते, परिचारिका होत्या, औषधेही होती. ती वापरण्यासाठी छप्पर मात्र नव्हते.

या घटनेने कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळास जाग आली. आल्फ्रेड अल्क्विस्ट या सिनेटरच्या पुढाकाराने रुग्णालयांच्या भूकंपसुरक्षेचा कायदा झाला आणि तो १९७३ मध्ये अमलात आला. रुग्णालयाने केवळ पडू नये एवढ्यावर तो थांबला नाही. आपत्तीनंतर लोकांना सेवा देण्यास ते समर्थ राहिले पाहिजे, अशी अपेक्षा त्याने प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडली.

पडू नये, एवढेच पुरे का?

ही अपेक्षा इतकी नवी का होती, हे समजण्यासाठी सर्वसाधारण इमारतीचा हिशेब कसा मांडतात हे पाहिले पाहिजे. लहान भूकंपात इमारतीस काही होऊ नये, मध्यम भूकंपात दुरुस्त होण्याजोगेच नुकसान व्हावे आणि मोठ्या भूकंपात ती कोसळू नये, असे जगभरच्या बांधकाम-संहितांचे सूत्र आहे. मोठ्या धक्क्यात तुळया आणि खांब यांच्यातील पोलाद वाकावे, ताणले जावे, काँक्रीटला भेगा पडाव्यात आणि या मोडतोडीतच भूकंपाची ऊर्जा खर्ची पडावी, असे अभियंता आधीच योजतो. माणसे जिवंत बाहेर पडतात. पण मागे राहिलेली वास्तू बहुधा पाडावीच लागते.

सामान्य घराच्या बाबतीत हा सौदा वाजवी आहे. सगळ्याच इमारतींना कायमचे अभेद्य करण्याइतका पैसा कोणत्याही समाजापाशी नसतो. परंतु रुग्णालय, अग्निशमन केंद्र, दूरध्वनी केंद्र, आपद्ग्रस्तांना आसरा देणारी शाळा यांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. या वास्तूंचे काम भूकंप संपल्यावरच सुरू होत असते.

त्यावर पहिला उपाय सुचला तो अधिक बळकटीचा. ऑलिव्ह व्ह्यूची इमारत पाडून तिच्या जागी काँक्रीट आणि पोलादी पत्र्यांच्या भिंती असलेली, अत्यंत ताठ अशी नवी इमारत १९८० च्या दशकात बांधण्यात आली. दुसरा उपाय याहून निराळा होता, आणि तो कित्येक वर्षे आधी एका डॉक्टरलाही सुचलेला होता.

जमिनीपासून सुटका

धक्का जमिनीकडून येतो. तर मग इमारतीला जमिनीपासूनच थोडे सुटे का करू नये? १८८५ च्या सुमारास टोकियो येथे जॉन मिल्न या इंग्रज भूकंपशास्त्रज्ञाने एक लहान घर लोखंडी गोळ्यांवर ठेवून पाहिले. भूकंपाचा धक्का कमी झाला, पण ते वाऱ्यानेच हलू लागले. पुढे १९०९ मध्ये इंग्लंडातील स्कारबरो येथील कॅलँटेरिएन्ट्स नावाच्या एका डॉक्टरांनी चिली देशाच्या भूकंपविभागाच्या संचालकांना पत्र पाठवून एक कल्पना मांडली. इमारत आणि पाया यांच्यामध्ये शंखजिऱ्याच्या किंवा अभ्रकाच्या भुकटीचा थर घालावा, म्हणजे जमीन सरकली तरी वरची वास्तू घसरून जागच्या जागी राहील. विशेष हे की, त्यांनी गॅसच्या आणि सांडपाण्याच्या नळ्यांना हलते सांधे देण्याची योजनाही त्यात केली होती. घर सरकले आणि नळ्या तुटल्या तर काय उपयोग, हा विचार त्यांनी तेव्हाच केला होता. पुढे पंचाऐंशी वर्षांनी या बारीक गोष्टीचे महत्त्व कसे पटले ते आपण पाहणारच आहोत.

ही कल्पना प्रत्यक्ष उतरण्यास रबर कामी आले. मदर तेरेसांचे जन्मगाव स्कोप्ये २६ जुलै १९६३ च्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त झाले. हजारावर माणसे मेली. तेथील जुन्या रेल्वे स्थानकाचे घड्याळ पाच वाजून सतरा मिनिटांवर थांबले आणि स्मारक म्हणून ते तसेच ठेवण्यात आले. त्या शहरास स्वित्झर्लंडने एक प्राथमिक शाळा भेट दिली. 'पेस्टालोझी' नावाची ही शाळा १९६९ मध्ये रबराच्या ठोकळ्यांवर उभारण्यात आली. ते रबर निव्वळ होते, त्यात पोलादी पत्रे नव्हते, त्यामुळे वरच्या भाराने ते बाजूंना फुगले. पुढे रबराच्या आणि पोलादाच्या पातळ थरांचे एकावर एक चढवलेले आधार तयार झाले. ते उभा भार निमूटपणे पेलतात आणि आडवे मात्र सहज सरकतात.

यातील तत्त्व कळायला कठीण नाही. लोखंडी धावेच्या बैलगाडीत रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा अंगाला बसतो; एस.टी.च्या चाकांवर पाटे असल्याने तोच खड्डा संथ हेलकावा होऊन वर येतो. इमारतीखाली रबरी आधार असले की जमिनीचे झटपट हिसके वरपर्यंत पोहोचत नाहीत. सबंध इमारत एकसंधपणे, सावकाश मागेपुढे झुलते. तथापि एक अडचण उरते. झुलणे सुरू झाले की ते थांबवणार कोण?

याचे उत्तर न्यूझीलंडमधील बिल रॉबिन्सन (१९३८–२०११) या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शोधले. सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबिन्सन यांनी रबरी आधाराच्या मधोमध शिशाचा एक दंडगोल बसवला. आपले कोळी बांधव जाळ्याला ज्या धातूच्या गोळ्या बांधतात, तेच हे शिसे. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिलो की ती तुटते. शिसे मात्र साध्या तापमानातही आपली अंतर्रचना पुन्हा जुळवून घेते आणि पुढल्या हिसक्यास तयार होते. वाकताना ते भूकंपाची ऊर्जा उष्णतेत बदलून शोषून घेते. शिवाय वाऱ्याच्या मामुली झोतास ताठ राहते, म्हणजे मिल्न यांची अडचणही मिटली. शिसे-रबराच्या अशा आधारांवरील पहिली इमारत, वेलिंग्टन येथील विल्यम क्लेटन भवन, १९८१ मध्ये पुरी झाली.

एकाच पहाटे दोन परीक्षा

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिस परिसरास पुन्हा ६.७ क्षमतेचा धक्का बसला. नॉर्थरिज भूकंप या नावाने तो ओळखला जातो. दोन्ही उपायांची परीक्षा एकाच पहाटे झाली.

नव्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाजवळ जमिनीचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांशाहून अधिक होता. ताठ इमारतीने तो वर चढवला आणि छतापाशी तो गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहूनही अधिक झाला. इमारतीचा सांगाडा जवळजवळ अभंग राहिला, याबद्दल अभियंत्यांचे कौतुक केले पाहिजे. परंतु आग विझविण्यासाठी छतातून नेलेल्या पाण्याच्या नळ्या फुटल्या, मजल्यांवर पाणी साचले आणि अखेर सर्व रुग्णांना बाहेर हलवावे लागले. भिंती जिंकल्या आणि नळ्या हरल्या. ज्या रुग्णालयामुळे कायदा जन्मला, तेच रुग्णालय न पडताही दुसऱ्यांदा रिकामे झाले.

भूकंपकेंद्रापासून अधिक दूर, त्याच महानगरात, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आठ मजली रुग्णालय होते. १९९१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय १४९ रबरी आधारांवर उभे होते. तेथे जमिनीचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे निम्मा होता. छतापाशी मात्र तो सुमारे एक-पंचमांशच नोंदला गेला. धक्का वर जाताना वाढला नाही, उलट घटला. रुग्णालयाचे काम चालू राहिले. त्याच परिसरातील जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या इमारतींचे मात्र बरेच नुकसान झाले.

याच भूकंपात लॉस एंजेलिसचे सेंट विबियाना हे १८७६ चे कॅथेड्रल निकामी झाले. त्याऐवजी २००२ मध्ये जे नवे कॅथेड्रल अभिषिक्त झाले, ते अशाच विलग आधारांवर उभे आहे. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्येच आणखी एक कायदा करून २०३० पर्यंत सर्व रुग्णालये भूकंपानंतरही चालू राहतील अशी करण्याचे ठरवले. त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि लहान रुग्णालयांना किती मुदत द्यायची, यावर तेथे पुढे बराच वाद झाला. कायदा करणे सोपे, खर्च उभारणे अवघड, हा अनुभव तेथील श्रीमंत समाजालाही आलाच.

प्राण वाचले, शहर गेले

रॉबिन्सन यांच्याच देशात, क्राइस्टचर्च येथे, २२ फेब्रुवारी २०११ रोजी भर दुपारी भूकंप झाला. १८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी १३३ केवळ दोन इमारतींत. याचा अर्थ, अन्य बहुतेक आधुनिक इमारतींनी आपले कर्तव्य केले. त्या कोसळल्या नाहीत. तरीही शहराच्या मध्यभागातील काँक्रीटच्या बहुमजली इमारतींपैकी निम्म्याहून अधिक नंतर पाडाव्या लागल्या. मध्यवस्ती कित्येक महिने कुंपणाआड राहिली. व्यापारी, कारागीर, भाडेकरू आपल्या दुकानांपर्यंत पोहोचू शकले नाहीत. १९०५ मध्ये उघडलेले आणि तेथील कॅथॉलिकांच्या अभिमानाचे स्थान असलेले पवित्र संस्काराचे कॅथेड्रल इतके खिळखिळे झाले होते की २०१९ मध्ये ते पाडण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्या शहरातील महिला रुग्णालय मात्र शिसे-रबराच्या आधारांवर होते. दक्षिण बेटावरील त्या प्रकारची तेव्हाची ती एकमेव इमारत. तेथील सेवा चालू राहिली.

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या महाभूकंपात हाच फरक पुन्हा दिसला. इस्कंदरून येथील सरकारी रुग्णालयाचा एक भाग कोसळला. उलट अडाना येथील, विलग आधारांवरचे मोठे रुग्णालय जखमींसाठी उघडे राहिले.

भूजने घेतलेला धडा

आपल्या देशात हा धडा २६ जानेवारी २००१ रोजी मिळाला. प्रजासत्ताक दिनाची सकाळ, पावणेनऊची वेळ. कच्छच्या भूकंपात तेरा हजारांहून अधिक लोक प्राणास मुकले. भूजचे सरकारी रुग्णालय आतील रुग्ण आणि कर्मचाऱ्यांसह जमीनदोस्त झाले. भूजच्या जुबिली मैदानावर तंबूंचे रुग्णालय उभारावे लागले. अहमदाबादेत तर भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर बहुमजली घरे पडली. वाहनतळासाठी तळमजला मोकळा ठेवून केवळ खांबांवर उचललेल्या इमारतींचा त्यांत मोठा भरणा होता. तीस वर्षांपूर्वीच्या ऑलिव्ह व्ह्यूचाच तो दोष होता.

भूजने मात्र पुढे जे केले ते नमूद करण्याजोगे आहे. पंतप्रधानांच्या राष्ट्रीय साहाय्य निधीतून तेथे तीनशे खाटांचे नवे रुग्णालय उभारले गेले, आणि त्याच्या पायात न्यूझीलंडचे तंत्र वापरून शिसे-रबराचे आधार बसवण्यात आले. जानेवारी २००४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. वेलिंग्टनच्या प्रयोगशाळेतील एका विचाराचे फळ असे कच्छच्या वाळवंटी मुलखापर्यंत येऊन पोहोचले.

सुज्ञ वाचकांस येथे खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा प्रभू येशूचा दाखला आठवेल. इमारत जमिनीपासून सुटी करावयाची असेल तर खडकाची काय गरज, अशी शंकाही येईल. परंतु या आधारांनाही घट्ट जमीनच लागते. मऊ गाळाची जमीन भूकंपात स्वतःच संथपणे डोलते आणि आधारांवरील इमारतीचा झोकाही संथच असल्याने दोघांची लय जुळून धोका वाढतो. मेक्सिको शहर जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेले आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी शेकडो किलोमीटर दूरच्या भूकंपाने तेथील हुआरेस रुग्णालयाचा मनोरा पाडला. काही दिवसांनी त्या ढिगाऱ्यातून नवजात बालके जिवंत निघाली. तात्पर्य, कोणतेही तंत्र जमिनीची परीक्षा केल्यावाचून वापरता येत नाही.

आपण काय करावे?

आपल्या धर्मग्रामांतून दवाखाने, शाळा, वसतिगृहे, सभागृहे उभी राहतात. लोकांच्या वर्गणीतून, धर्मभगिनींच्या काटकसरीतून ती वर येतात. पूर आला, आग लागली की बेघर झालेली कुटुंबे तेथेच आसऱ्यास येतात. भारतीय मानक संहितेने रुग्णालये, शाळा आणि मोठी सभागृहे यांचा वेगळा विचार केलेला आहे. साध्या इमारतीच्या दीडपट बळ धरून त्यांचा हिशेब करावा असे ती सांगते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालयांच्या सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. नियम आहेत, ते आपल्या इमारतीच्या नकाशात उतरले किंवा नाही, हे विचारणारा माणूस मात्र बहुधा नसतो.

रबरी आधार प्रत्येक दवाखान्यास परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु ऑलिव्ह व्ह्यूच्या दोन पराभवांतून जे शिकावयाचे ते फार खर्चाचे नाही. तळमजल्यावर वाहने ठेवण्यासाठी भिंती काढून टाकू नयेत. काढावयाच्याच असतील तर खांबांची आणि भिंतींची योजना जाणत्या स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावी. गच्चीवरील पाण्याची टाकी, जनरेटर, औषधांची उंच कपाटे, प्राणवायूच्या नळकांड्या भिंतीला वा फरशीला घट्ट बांधाव्यात. नळ आणि तारा जेथे एका इमारतीतून दुसरीत जातात, तेथे त्यांना थोडी सैल जागा ठेवावी. जिन्यात सामान रचू नये. आणि जेथे विलग आधार आहेतच, तेथे इमारतीभोवती सोडलेली मोकळी फट विटा-मातीने बुजवू नये. इमारतीस झुलण्यासाठी तीच जागा आहे.

नव्या वास्तूचा कोनशिला समारंभ ठरण्यापूर्वी धर्मग्राम समितीच्या बैठकीत अभियंत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: मोठा भूकंप झाला तर या इमारतीत दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण घेता येतील काय? त्याने उत्तर देण्यास वेळ मागितला तर तो द्यावा, आणि उत्तर मिळेपर्यंत कोनशिलेची तारीख ठरवू नये.